खाडीतले पक्षी, गॅदरिंगचा अंधार आणि एक किलोचे दोन कॅमेरे

प्रकरण मुलुंड पूर्वेचं. माझी मावशी निवृत्त शिक्षिका, विषय जीवशास्त्र. तिचे यजमान म्हणजे आमचे काका, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त. दोघंही सत्तरीकडे झुकलेली. मावशीला निवृत्तीनंतर पक्षी बघायचा नाद लागला. ऐरोलीचा पूल घरापासून जवळ, त्यामुळे हिवाळाभर तिची ठाणे खाडीवर ये-जा असते. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण तिच्याकडे आहेच. आता कॅमेरा हवा होता. २०२३ च्या दिवाळीनंतर विषय निघाला, बजेट सत्तर हजार ठरलं आणि फोन मला आला. मी लग्नाकार्याच्या फोटोंवर पोट भरतो, म्हणून घरातल्यांच्या लेखी कॅमेऱ्याचं दुकानच मी.

गरज काय, हे विचारल्यावर मावशीने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, चिखलात लांबवर चरणाऱ्या पक्ष्याची ओळख पटेल असा फोटो. ती आपल्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकते, आणि नोंद जरा वेगळी असली की तिथले तपासणारे पुरावा मागतात. दुसरी, नातीचं शाळेचं गॅदरिंग. काकांनी तिसरी भर घातली: चंद्र.

पहिल्या दोन गरजा एकमेकींच्या अगदी उलट आहेत. एक लांबची आणि उजेडातली, दुसरी जवळची आणि अंधारातली. हे प्रकरण मांडावंसं वाटलं ते याचमुळे. बहुतेकांची खरेदी अशाच जोडगोळीवर अडते, फक्त पक्ष्यांच्या जागी कुणाची ट्रेकिंग असते आणि गॅदरिंगच्या जागी कुणाची मुंज.

समोर दोन पर्याय होते. एक ब्रिज कॅमेरा, म्हणजे एकाच न बदलणाऱ्या लेन्समध्ये जवळचं-लांबचं सगळं भागवणारा, निकॉनचा कूलपिक्स पी९५०. २०२० मध्ये आलेला, १६ मेगापिक्सेल, लेन्स कायमची जोडलेली, झूम ८३ पट. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या हिशेबात बोलायचं तर २४ पासून २००० मिमीपर्यंत. दुसरा मिररलेस, म्हणजे डीएसएलआरसारखाच पण आतला आरसा काढलेला, कॅननचा ईओएस आर५०. २०२३ चा, २४ मेगापिक्सेल, लेन्स बदलता येणारा. त्याच्यावर पक्ष्यांसाठी आरएफ १००-४०० ही लेन्स. याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्यामुळे ४०० मिमीची लेन्स फिल्मच्या हिशेबात ६४० मिमीची पडते.

काकांनी एक्सेलमध्ये तक्ता केला. रेल्वेतला माणूस, रकाने भरल्याशिवाय चैन नाही. झूम: एकीकडे २०००, दुसरीकडे ६४०, म्हणजे पहिला तिप्पट चांगला. मेगापिक्सेल: १६ विरुद्ध २४, म्हणजे दुसरा दीडपट चांगला. सेन्सरचं क्षेत्रफळ: निकॉनचं २८ चौरस मिलिमीटर, कॅननचं ३३२, म्हणजे दुसरा जवळपास बारापट चांगला. सगळ्यांची गोळाबेरीज करून काकांचा कौल कॅननला. तक्त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. पण त्यातल्या एकाही आकड्याने खाडीतला पक्षी कसा दिसेल ते सांगितलं नव्हतं.

मग फोर्टात गेलो. सीएसएमटीच्या समोर बोरा बाजाराच्या बाजूला कॅमेऱ्यांची दुकानं ओळीने आहेत, आणि दर दुकानात नवा गुरू भेटतो. पहिल्या दुकानात काकांना ऐकायला मिळालं, "अंकल, झूम पे मत जाओ, सेन्सर देखो." दोन दुकानं सोडून तिसऱ्यात, "मॅडम को बर्ड चाहिए? तो फिर यही, चांद के गड्ढे भी दिखेंगे." दोघंही अर्धं खरं बोलत होते. ज्याच्याकडे जो माल पडून होता, त्याला तेवढंच अर्धं ठाऊक.

भावाचं म्हणाल तर निकॉन बजेटमध्ये बसत होता. कॅननची बॉडी, तिच्याबरोबर मिळणारी किट लेन्स आणि १००-४०० मिळून हिशेब सव्वा लाखाच्या पुढे जात होता. एका ठिकाणी "बिना बिल" हाच ऐवज बराच स्वस्तात देऊ केला. कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्के, त्यामुळे मोह पडतो. पण बाहेरून आलेल्या पीसला इथली वॉरंटी नाही, आणि पुढे विकायला काढलात की गिऱ्हाईक पहिलं बिल मागतं. मी काकांना हाताला धरून बाहेर काढलं.

दुकानात उभं राहून रस्त्यापलीकडच्या पाटीवर झूम मारून काही ठरत नाही. पाटी हलत नाही, उडत नाही आणि तिच्यावर ऊन स्वच्छ असतं. म्हणून दोन्ही कॅमेरे खाडीवर न्यायचे ठरलं. आर५० आणि लेन्सा अंधेरीहून भाड्याने आणल्या. डिपॉझिट आणि आधार कार्ड दिलं की शनिवार-रविवारसाठी मिळतात. पी९५० मावशीच्या पक्षीमित्रांपैकी एकांनी वापरायला दिला.

जानेवारीतली सकाळ, ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी बोट. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, त्यामुळे ऊन कधी मिळेल हे आपल्या हातात नसतं. ही खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. छोटे रोहित म्हणजे लेसर फ्लेमिंगो चिखलाच्या कडेने पसरले होते, त्यांच्या पायांत तुतारी आणि चिखल्या या छोट्या किनारपक्ष्यांची लगबग.

बोटीत बसल्यावर पहिली गंमत झाली ती वजनाची. काकांना वाटत होतं की ब्रिज हलका असेल. प्रत्यक्षात पी९५० चं वजन बॅटरीसकट १००५ ग्रॅम. आर५० चं ३७५ आणि १००-४०० चं ६३५, मिळून १०१०. पाच ग्रॅमचा फरक.

दुसरी गोष्ट अपघाताने कळली. बोट हलली, दोन्ही लेन्सांच्या टोप्या काकांच्या मांडीवरून खाली घरंगळल्या, आणि त्यांनी उचलून बसवताना अदलाबदल केली. कॅननची टोपी निकॉनला टक् करून बसली. निकॉनची कॅननला. काकांनी दोन्ही काढून उलटी करून पाहिली, मग लेन्सच्या कडेवरचा आकडा. दोन्हीकडे ६७ मिमी.

"अरे, एवढासा सेन्सर आणि तोंड मात्र त्याच मापाचं?"

माझ्या मते या खरेदीतला खरा प्रश्न हाच होता, आणि तक्त्यात त्याला रकाना नव्हता. पी९५० च्या लेन्सभोवती बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ४.३-३५७ मिमी, १:२.८-६.५. म्हणजे २००० वगैरे हिशेबाचा आकडा. खरी लांबी ३५७ मिमी, आणि त्या टोकाला एफ-आकडा ६.५. लांबीला एफ-आकड्याने भागलं की प्रकाश आत यायच्या दाराचा व्यास निघतो, ५५ मिमी. कॅननची लेन्स पूर्ण झूमला ४०० मिमी, एफ ८. भागाकार ५०. पक्ष्याकडून येणारा प्रकाश गोळा करण्यात बारापट मोठ्या सेन्सरवाला कॅमेरा पुढे नव्हताच, उलट बोटभर मागे होता. पागोळीखाली बादली लावली तर किती पाणी जमेल हे तिच्या तोंडावर ठरतं, बूड केवढं आहे यावर नाही. सेन्सर म्हणजे बूड.

तपशिलाचंही तेच. कितीही चांगली काच घेतली तरी प्रकाशाच्या लहरी दाराच्या कडेशी पसरतात, आणि ५०-५५ मिमीच्या दारातून शंभर मीटरवरचे दोन ठिपके सव्वा मिलिमीटरच्या आसपास अंतर असेल तरच सुटे दिसतात. त्या अंतरावर पी९५० चा एकेक पिक्सेल मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा मोठा पडतो, आर५० चा जेमतेम एक मिलिमीटरचा. म्हणजे निकॉनने फ्लेमिंगो फ्रेममध्ये भला मोठा भरला तरी त्यातले बरेचसे पिक्सेल रिकामी हवा मोजत असतात. नव्वद सेंटिमीटर उंचीचा पक्षी शंभर मीटरवर असेल तर निकॉनमध्ये तो साधारण २४०० पिक्सेल उंच येतो, कॅननमध्ये ९६०. आकड्यात अडीच पट. घरी येऊन फोनवर दोन्ही शेजारी-शेजारी लावले तर मावशीला कुठला कशातला ते सांगता आलं नाही. लॅपटॉपवर मोठे केले तेव्हा निकॉनची पिसं किंचित लोण्यासारखी गुळगुळीत झालेली दिसली, कॅननची कडा टोकदार पण दाणेदार. चिखल्याच्या आखूड चोचीचा आकार दोघांतही सारखाच ओळखू येत होता. आणि ऊन चढल्यावर चिखलावरून हवा थरथरू लागली, तशी दोन्ही कॅमेऱ्यांची पुण्याई संपली. त्या वेळेनंतर लाखाची लेन्ससुद्धा पक्ष्याची खीर करते.

मग फरक कुठे पडला? तीन ठिकाणी, आणि तिन्ही सारख्या तोलाची नाहीत.

२००० मिमीला शंभर मीटरवर जेमतेम पावणेदोन मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. हलत्या बोटीतून त्या तुकड्यात पक्षी पकडणं ही कसरत आहे. दोन्ही कंपन्या आपापल्या स्थिरीकरणाला साडेपाच स्टॉपचं प्रमाणपत्र देतात (एक स्टॉप म्हणजे फोटो न हलता शटर दुप्पट वेळ उघडा ठेवता येणं). ते हाताच्या थरथरीला उपयोगी, बोट कलली त्याला नाही. मावशी "कुठे गेला, कुठे गेला" करत आकाश आणि पाणी चाळत बसली. मग मी तिला लेन्सच्या डाव्या अंगाचं बटण दाखवलं. ते दाबून धरलं की झूम थोडा मागे येतो, चौकटीत आधीचा तुकडा आखून दाखवतो, सोडलं की परत पुढे. पाच मिनिटांत तिचं बोट तिथे आपोआप जायला लागलं. शिकवण्यात आयुष्य गेलेलं, शिकायलाही वेळ लागत नाही.

उडणारा थवा आला तेव्हा मात्र निकॉनने हात टेकले. त्याचा फोकस मागे-पुढे चाचपडत राहतो. सेकंदाला सात फोटो काढतो खरा, पण दहा झाले की थांबून ते लिहीत बसतो, तोवर थवा पार तळोज्याकडे. आर५० ने पक्षी ओळखून डोळ्यावर चौकट लावली आणि ती थव्याबरोबर सरकत राहिली. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता.

तिसरा फरक मला सगळ्यांत मोठा वाटला, आणि तो कॅमेऱ्यात नसून वापरणाऱ्यात होता. निकॉनमध्ये पक्षी जागच्या जागी मोठा दिसतो. मावशी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून तिथेच म्हणते, "पाय हिरवट आहेत, चोच सरळ आहे," आणि वहीत लिहून मोकळी. कॅननमध्ये पक्षी चौकटीच्या पाव उंचीचा. खरा तपशील घरी लॅपटॉपवर कापून काढायचा. काकांना ते काम आवडेल. मावशीला नाही. ती घरी आल्यावर यादी पुरी करते आणि कुकर लावते. शिवाय बोटीतच कुणी "आमचा एक ग्रुप फोटो" म्हणालं की निकॉन २४ मिमीवर येतो. १००-४०० ला तिथे लेन्स बदलावी लागते, आणि खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात उघडा सेन्सर धरून लेन्स बदलायचं धाडस मीही करत नाही.

इथपर्यंत कौल निकॉनकडे झुकला होता. त्याच आठवड्यात गॅदरिंग आलं.

शाळेचा हॉल, तिसरी रांग, कोळीनृत्य. स्टेजवर लाल-निळे दिवे आलटून पालटून, आणि मुलींचे पाय एका जागी नाहीत. शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या खाली नेला की हात पुसले जातात. आर५० वर मी १००-४०० लावलीच नाही. एफ ८ ची लेन्स अंधारात घेऊन जाणं म्हणजे पैसे देऊन हात बांधून घेणं. ५० मिमी एफ १.८ लावली, १६० ग्रॅमची चिमुकली. तिचं दार २८ मिमीचं. निकॉन त्याच चौकटीसाठी झूम केला तर त्याची खरी लांबी १४ मिमीच्या आसपास, आणि त्याचं दार पाच मिलिमीटरच्या पुढे जाऊच शकत नाही. प्रकाशात तीसपट फरक, कमीत कमी. मिररलेसचं काम आयएसओ (अंधारात वाढवायचा संवेदनशीलतेचा आकडा, वाढला की फोटो बिघडतो) १६०० मध्ये भागलं. निकॉनला ६४०० पर्यंत जावं लागलं, आणि त्याच्यापुढे त्याच्याकडे आकडाच नाही. नातीच्या नाकातली नथ एकात दिसत होती, दुसऱ्यात नाकच मेणाचं झालं होतं. शेजारच्या बाईंचा फोनसुद्धा निकॉनपेक्षा बरा फोटो काढत होता. हे मी मावशीला मुद्दाम दाखवलं.

तर बोरा बाजारातल्या पहिल्या गुरूचा "सेन्सर देखो" इथे खरा ठरला. पण तोही सेन्सरमुळे नव्हे. मोठ्या सेन्सरसमोर मोठ्या दाराची लेन्स स्वस्तात बसवता येते म्हणून. हाच आर५० किट लेन्ससकट कुणी गॅदरिंगला नेला तर झूमच्या टोकाला एफ ६.३ मिळतो आणि हिरमोड होतो. लोक मग म्हणतात, एवढे पैसे घालून फोनच बरा होता. त्यांचं चुकत नाही.

मुंबईच्या हवेचा मुद्दा वेगळा घ्यायला हवा, कारण तो परदेशी तुलनांमध्ये कधी नसतो. इथे जून ते सप्टेंबर लेन्सवर बुरशी धरते. कपाटात, चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत ठेवलेल्या कॅमेऱ्याची गॅरंटी नाही. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात एका लेन्सला बुरशी लागली तर ती एकटी बाजूला ठेवता येते, साफ करायला देता येते. ब्रिजमध्ये लेन्स आणि कॅमेरा एकच. नळी आत-बाहेर होताना हवा आत ओढते, आणि आतल्या काचेवर जाळं धरलं की सगळा कॅमेरा उघडावा लागतो. त्याचा खर्च ऐकल्यावर लोक नवा घेतात. म्हणजे ब्रिज घ्यायचाच असेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल त्याच दिवशी घ्यायचं. मावशीने लोणच्यासाठी आणलेला पाच लिटरचा डबा दिला. सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर परतायचे आणि गार करून परत ठेवायचे, हे काकांनी आपल्याकडे घेतलं.

निर्णयाच्या दिवशी काकांनी नवा तक्ता आणला. यावेळी रकाने वेगळे होते: कुठल्या कामाला, वर्षातून किती वेळा, त्या कामाला दार किती मिलिमीटरचं. पक्षी हिवाळाभर दर आठवड्याला. गॅदरिंग वर्षातून एकदा, फार तर एखादं बारसं. पक्ष्यांच्या कामात दोन्ही दारं सारखी, आणि किमतीत निम्म्याचा फरक. त्यामुळे मोठी रक्कम निकॉनवर घालायची, आणि अंधारासाठी वेगळं काहीतरी स्वस्तात बघायचं, असं ठरलं. सगळं एका कॅमेऱ्यात भागलं पाहिजे हा हट्ट सोडला की हिशेब सरळ झाला. मला विचाराल तर हा हट्टच लोकांना सव्वा लाखाला नेतो.

स्वस्तातलं काहीतरी पुन्हा बोरा बाजारातच मिळालं. कॅननची जुनी डीएसएलआर बॉडी, बिलासकट, आणि तिच्यावर ५० मिमी एफ १.८. दोन्ही मिळून आणि निकॉन धरूनही बेरीज लाखाच्या आत राहिली. बजेट ओलांडलंच, वरचे पैसे काकांनी आपल्या खिशातून घातले. जुनी बॉडी घेताना शटर किती वेळा उघडलंय ते विचारलं. शिवाय लेन्स लावून पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ २२ वर काढून सेन्सरवरचे डाग पाहिले, लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार सोडून बुरशीचे धागे शोधले, बॅटरीच्या कप्प्यातला गंज बघितला. दुकानदार पाव तास चहा पीत बघत राहिला. आक्षेप घेतला नाही, यावरूनच माल बरा असावा असं मला वाटलं.

फेब्रुवारीत मावशीच्या एका नोंदीला पुरावा मागितला गेला. पायात रंगीत पट्टी असलेला एक किनारपक्षी तिला दिसला होता. पक्ष्यांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी अशा पट्ट्या बांधतात आणि त्यांवर कोड असतो. तिने चिखलाच्या कडेवरून, बऱ्यापैकी जवळून, सकाळच्या उन्हात पट्टीसकट फोटो काढला होता, कोडची अक्षरं वाचता येत होती. नोंद मान्य झाली. चंद्राचा फोटोही झाला. पी९५० च्या डायलवर चंद्रासाठी वेगळी खूण आहे, आणि पूर्ण झूमला चंद्र चौकटीची जवळपास पाऊण उंची व्यापतो. काकांनी तो गच्चीवरून काढून नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपांवर पाठवला.

राहिला उडता पक्षी. त्याला या दोन्ही कॅमेऱ्यांकडे उत्तर नाही: निकॉनचा फोकस पोचत नाही आणि ५० मिमीची पोच पक्ष्यापर्यंत नाही. काकांनी त्या थव्याची आठवण अजून सोडलेली नाही. परवा फोन केला होता, जुन्या डीएसएलआरला बसेल अशी ४०० मिमीची वापरलेली लेन्स केवढ्याला पडेल म्हणून. मी विचारलं, मावशीला सांगितलंत का? म्हणाले, आधी भाव तर कळू दे.